आडवं लाकूड

नोकरीची ३१ वर्षं मी पाणी अडवण्यात घालवली. मृदसंधारणात होतो. सलग समतल चर, अनगड दगडी बांध, गॅबियन, माती नाला बांध, सिमेंट नाला बांध अशा पायऱ्या चढता चढता माझी उमेद आणि केस दोन्ही दुष्काळी तालुक्यांत खर्ची पडले. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा इतक्या भिंतींवर रंगवून घेतली की घरात कुणी नळ सोडला तरी माझा हात आपोआप तोटीकडे जातो. धावत्या पाण्याला चालायला लावायचं, चालत्याला थांबवायचं आणि थांबलेल्याला जमिनीत घालायचं. आमच्या खात्याची गीता एवढीच, एका श्वासात म्हणून होणारी.

त्यामुळे निवृत्तीनंतर अमेरिकेत मुलाकडे गेलो आणि एका शुक्रवारी रात्री तो म्हणाला, “बाबा, उद्या तुम्हीही चला, ओढा मोकळा करायचाय,” तेव्हा मला तो घरातलाच फितूर वाटला.

“कुणाचा ओढा?”

“कुणाचाच नाही. म्हणजे सगळ्यांचा.”

“आणि मोकळा करायचे पैसे कोण देतं?”

“कुणीच नाही.”

ज्याला मालक नाही आणि ज्याचं बिल निघत नाही, असं काम मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. निव्वळ त्या कुतूहलापोटी शनिवारच्या झोपेवर पाणी सोडलं. निघताना ही म्हणाली, “जा, पण मध्ये बोलू नका.” आमच्या लग्नाला ३८ वर्षं झाली. त्यातला बराच काळ तिने हे एकच वाक्य म्हणण्यात काढला आहे.

आता मध्ये बोलण्याची माझी सवय नाकारण्यात अर्थ नाही. मुलाच्या घरी उतरून तीन आठवडे झाले होते आणि माझ्याकडे सुधारणांची यादी तयार होती. फ्रिजमधले डबे, दारातले बूट, आणि यादीत सर्वांत वर, त्याची होडी. दिवाणखान्यातून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या अरुंद बोळात ती आडवी पडलेली असते. पाणी प्यायला जायचं तर ओलांडून जा, पिऊन आलात तर पुन्हा ओलांडा. “ती तिथून हलव,” असं मी रोज सांगायचो. “हो बाबा,” असं तो रोज म्हणायचा. होडी तिथेच.

हा नाद त्याला कोलाडला लागला. ऑफिसच्या सहलीला कुंडलिकेवर गेला होता. वीजनिर्मितीसाठी सोडलेलं पाणी सकाळी नदीला येतं आणि त्यावर रबरी तराफे निघतात. पोरगा त्या दिवशी भिजला तो पुन्हा कोरडा म्हणून झालाच नाही. पुढे नॉर्थ कॅरोलायनात, शार्लटला नोकरी लागली. तिथून दोन तासांवर ॲपलाचियन डोंगर आणि डोंगरात धावणारे ओढे. त्याने कयाक घेतली. कयाकला होडी म्हणावं तर तिच्यात बसता येत नाही, ती नेसावी लागते. कमरेला रबरी घेर चढवायचा, त्याची कड होडीच्या तोंडावर ताणून बसवायची, की वरून माणूस आणि खालून मासा. त्या घेराला तिथे चक्क स्कर्ट म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हिच्याकडे पाहिलं. हिने खिडकीबाहेर पाहिलं.

या ओढ्यांवरच्या खळाळांना एक ते सहा असे दर्जे असतात. पहिला दर्जा म्हणजे आमच्यासारख्यांनी गप्पा मारत जावं, सहावा म्हणजे आधी मृत्युपत्र करून ठेवावं. मोठ्या खळाळांना नावंही असतात. त्याच डोंगरातल्या ग्रीन नदीवर एकाचं नाव ‘गो लेफ्ट अँड डाय’ आहे. डावीकडे जा आणि मरा. इतका थोडक्यात, इतका स्पष्ट आणि वाचणाऱ्याच्या भवितव्याविषयी इतका उदासीन मजकूर मी फक्त सदाशिव पेठेतल्या जिन्यांवर पाहिला होता.

मोकळं करायचं म्हणजे नक्की काय, ते गाडीत कळलं. २०२४ च्या २७ सप्टेंबरला हेलीन नावाचं वादळ या डोंगरांत शिरलं. आदल्या रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्याला धडकलेलं, सकाळी समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. आधीच्या पावसाने माती लापशी झालेली, त्यात हे. ॲशव्हिलमध्ये फ्रेंच ब्रॉड नदीने १९१६ च्या महापुराची खूण मागे टाकली. झाडं मुळांसकट उपटली आणि उतारावरून घसरत ओढ्यांत येऊन पडली.

पण सगळा दोष वादळाला देता येत नाही. ओढ्याकाठची हेमलॉक नावाची झाडं त्याआधीच मरत होती. हेमलॉक म्हटल्यावर मला सॉक्रेटिस आठवला. मुलगा म्हणाला, ती विषारी वनस्पती वेगळी, हे सूचिपर्णी झाड वेगळं. याने कुणाला मारलेलं नाही, यालाच मारलं गेलं. मारेकरी कोण, ते दाखवायला त्याने गाडी कडेला घेतली आणि एक फांदी उलटी करून धरली. सुयांच्या बुडाशी कापसाचे पांढरे ठिपके ओळीने बसलेले. “पिठ्या ढेकूण!” मी ओरडलोच. परमुलखात गाववाला भेटावा तसा आनंद झाला आणि पुढच्या क्षणी त्या आनंदाची लाज वाटली. अगदी पिठ्या ढेकूण नव्हे, माव्याच्या नात्यातली कीड. जपानहून आलेली, दीड मिलिमीटरही न भरणारी. देशाच्या पूर्व भागात १९५१ साली रिचमंडजवळ ती पहिल्यांदा नजरेस आली. पाचशे वर्षं उभं राहू शकणारं झाड ती थोड्या वर्षांत वाळवून टाकते. हेमलॉकला ओढ्याचा काठ आवडतो. त्याच्या दाट सावलीने पाणी थंड राहतं आणि थंड पाण्यात ट्राउट मासा राहतो. जन्मभर ज्या पाण्यावर सावली धरली त्याच पाण्यात ते मेल्यावर आडवं होतं. सेवेत असताना मरण येणं म्हणतात ते हेच.

“पडलं तर पडलं. दोन पावसाळ्यांत कुजेल. तुमचं त्यात काय जातं?” मी विचारलं.

मुलाने थर्मासकडे बोट दाखवलं. “बाबा, चहा गाळताना काय होतं?”

त्या लोकांचा शब्दच तो आहे, स्ट्रेनर. गाळणी. प्रवाहात फांद्यांसकट आडवं पडलेलं झाड म्हणजे गाळणी. दगड त्या मानाने बरा. पाणी दगडावर आपटून मागे फुगतं, त्या पाण्याच्या उशीवरून होडीही बाजूला सरकते. लाकूड मात्र पाण्याला वाट देतं आणि आपल्याला देत नाही. होडी आणि माणूस फांद्यांच्या जाळीवर चिकटतात, मागचं पाणी रेटत राहतं. त्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, त्यामुळे गुडघाभर पाणीही पुरतं. चहा पलीकडे जातो आणि आपण चोथा.

ऐकून मी गप्प झालो. असं लाकूड मी सरकारी कचेऱ्यांतही पाहिलं होतं. कागद त्याच्यातून सुरळीत जातो, फक्त अर्जदार अडकतो.

“मग अशा वेळी करायचं काय?”

“पाण्यात पडलात आणि समोर गाळणी आली, बाजूला होता येत नसेल, तर तिच्याकडे पाठ करायची नाही. तोंड तिच्याकडे करून जीव खाऊन तिच्याच दिशेने पोहायचं आणि वेगात झाडावर चढायचं. खाली गेलात की संपलं.”

बुडत्याला काडीचा आधार, असं आपण किती सहज म्हणून जातो. ही म्हण रचणाऱ्याने काडी नक्की कुठल्या दिशेला पडली होती, ते पाहिलेलं दिसत नाही.

ओढ्यावर नऊ माणसं जमली होती. ओढ्याचं नाव सांगत नाही, कारण ‘सांगितलंत तर पुढच्या शनिवारी गाड्या लावायला जागा उरणार नाही’ असं मला बजावण्यात आलं आहे. रात्रपाळी संपवून थेट आलेली एक परिचारिका होती, शाळेत गणित शिकवणारा एक मास्तर होता, एक सुतार होता, बूट कायम ओले असणारी कॉलेजातली पोरं होती. म्होरक्या होते सत्तरीचे एक पांढऱ्या दाढीचे आजोबा. करवत चालवण्याचं रीतसर प्रशिक्षण त्यांनी घेतलं होतं, वनखात्याला कळवलं होतं. या देशात १९६४ च्या कायद्याने काही रानं अशी राखून ठेवली आहेत की तिथे यंत्राची करवतसुद्धा चालत नाही, दोन मुठींची करवत दोघांनी दोन्हीकडून ओढायची. हा ओढा तशा रानात नव्हता, तरी आजोबांनी हातकरवतच आणली होती. यंत्राचं तेल पाण्यात सांडतं, म्हणाले.

आपल्याकडे कामाचा नारळ फुटतो. तिथे चर्चेला तोंड फुटलं. अर्धा तास कुणी कशाला हात लावला नाही. काठावर उभे राहून, वाकून, पलीकडच्या खडकावर जाऊन नुसतं बघणं चाललं होतं. पाणी कुठून येतं, ओंडका कशावर टेकलाय, सुटला तर कुठे जाईल, तिथे खाली कोण उभं असेल. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची आठवण झाली, फरक एवढाच की इथे प्रत्येकजण दुसऱ्याचं ऐकत होता.

ओंडके तीन होते. ओंडका म्हटला की मराठी माणसाच्या मनात गदिमांचं गीतरामायण जागं होतं. तिथले दोन ओंडके सागरात भेटतात आणि लाट त्यांची ताटातूट करते. पण ओढा म्हणजे सागर नव्हे. इथे भेटलेले ओंडके वियोगाचं नाव काढत नाहीत. दोघे अडकले की तिसऱ्याला बोलावून घेतात, मग चौथा येतो, फांद्या येतात, पालापाचोळा येतो, कुणाचा तरी प्लास्टिकचा डबा येतो आणि एकत्र कुटुंब तयार होतं. मग ते हलवायचं तर कुणाला आधी काढायचं, हा प्रश्न एकत्र कुटुंबातल्याइतकाच नाजूक.

पहिल्या ओंडक्याबद्दल दुमत नव्हतं. दोन खडकांच्या मधल्या खिंडीत, वरून येणाऱ्याला शेवटच्या क्षणापर्यंत दिसणार नाही असा तो आडवा बसला होता आणि सगळा ओढा त्याच्या पोटाखालून जात होता. त्याला दोर बांधला, दोर काठावरच्या झाडाकडे नेला आणि मधे दोन कप्प्या अशा घातल्या की दोराचं इंग्रजी झेड अक्षर झालं. एकाने ओढलं की तिघांचा जोर लागतो. निदान कागदावर. प्रत्यक्षात कप्प्यांमधलं घर्षण आपली टक्केवारी काढून घेतं आणि उरलेलं कामाला लागतं. ही व्यवस्था मला समजावून सांगावी लागली नाही.

इथे माझ्या हातून एक आगळीक घडली. ताणलेल्या दोरावर मधोमध एक लाइफ जॅकेट लटकत होतं. कुणीतरी वाळत घातलं असावं आणि कामाच्या गडबडीत विसरलं असावं, असं मला वाटलं. व्यवस्थितपणा हा माझा जुना रोग. मी दोराच्या आतल्या बाजूने ते काढायला गेलो. शिट्टी वाजली, तीन-चार माणसं एकदम ओरडली आणि त्या परिचारिकेने माझ्या दंडाला धरून मला इतक्या सहज मागे ओढलं की कप्प्यांची गरज पडली नाही.

“बाबा, दोराच्या कोनात उभं राहायचं नाही,” मुलगा धापा टाकत म्हणाला. “सुटला तर चाबकासारखा येतो. ते जॅकेट मुद्दाम घातलंय. दोर तुटलाच तर त्याच्या वजनाने खाली पडावा म्हणून.”

मी सॉरी म्हणालो. आजोबांनी मला एक काम दिलं. वरच्या अंगाला खडकावर बसायचं आणि पाण्यातून नवीन लाकूड किंवा चुकून एखादी होडी येताना दिसली तर शिट्टी वाजवायची. हे काम महत्त्वाचं असतं, हे मला नंतर समजलं. त्या वेळी मात्र लग्नघरात अडचणीच्या काकांना चपलांवर लक्ष ठेवायला बसवतात, तसं वाटलं.

खडकावरून करवत मात्र छान दिसत होती. आजोबांच्या कमरेला दोर, तो दोर सुताराच्या हातात, आणि खालच्या वळणावर दोन पोरं फेकायच्या दोरांच्या पिशव्या घेऊन तयार. आजोबांनी ओंडक्यावर तळवा ठेवला. वैद्य नाडी बघतो तसा बराच वेळ. मुलाने मला आधीच समजावलं होतं की दोन टेकूंमधल्या लाकडाला पाणी एका बाजूने रेटतं, त्यामुळे पाण्याकडची बाजू दबलेली असते आणि पलीकडची ताणलेली. दबलेल्या बाजूला खोल गेलात तर लाकूड करवतीला चावून धरतं. ताणलेल्या बाजूने आधीच सुरुवात केलीत तर अवचित फाटतं आणि उसळतं. म्हणून आधी दबलेल्या अंगाला थोडीशी खाच, मग पलीकडून हळूहळू. आजोबांनी आठ-दहा वेळा करवत ओढली, थांबले, कान लावला. पुन्हा ओढली, पुन्हा थांबले. खाचेत लाकडाची पाचर ठोकली. ओला, आंबूस, थोडासा सुंठीसारखा वास माझ्यापर्यंत आला. ताणलेल्या बाजूची चीर आता केसाएवढी उघडली होती. मग बोटाएवढी. आजोबा मागे सरकले, हात वर केला आणि सगळे थांबले. कुणी काही न करता ओंडक्याने स्वतःच एक ‘कट्’ असा आवाज केला.

दोर ओढला गेला. सुटलेला तुकडा प्रवाहात अर्धा फिरला आणि काठाला लागला. मला वाटलं, आता हा वर ओढून शेकोटी करणार. तर त्यांनी तो काठालगत, ओढ्याला समांतर असा दगडांत पक्का अडकवून ठेवला. पाणी त्याला घासून पुढे जाऊ लागलं. आडवं होतं ते फक्त उभं केलं होतं.

दुसऱ्या ओंडक्यापाशी आलो आणि मला राहवेना. एक जुना, कवेत न मावणारा हेमलॉक काठापासून एक-तृतीयांश पात्रात शिरलेला. त्याच्यामागे बारीक खडी बसलेली, वरच्या अंगाला निवांत डोह, डोहात पानं गोल फिरताहेत. कुणीतरी निविदा न काढता, आराखडा मंजूर न करता, मोजमाप पुस्तिकेत एक ओळ न लिहिता अस्सल नाला बांध घातला होता आणि तो फुटला नव्हता. इतका चांगला बांध ३१ वर्षांत माझ्याकडून एकदाच झाला होता, तोही जागा चुकल्यामुळे.

हिचं वाक्य कानात होतं. तरी बोललो. हातवारे करून चार मिनिटं बोललो. हा काढाल तर मागची खडी जाईल, खडी गेली की पात्र खोल जाईल, पात्र खोल गेलं की काठ ढासळेल, काठ ढासळला की वरची चार झाडं येतील, म्हणजे एक ओंडका काढून चार आणाल. मुलाने या सगळ्याचं पाच शब्दांत भाषांतर केलं. आजोबा हसून काहीतरी म्हणाले.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, तो ठेवायचं केव्हाच ठरलंय.”

मग दगडावर बसून त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मात्र मला अमेरिका पहिल्यांदा आपली वाटली. पश्चिम किनाऱ्याकडच्या राज्यांत १९५० ते १९७० च्या दशकांत सरकारी खात्यांनी नद्यांमधले ओंडके मोहीम काढून उपसले. सामन माशांची वाट अडते, असा समज होता. नद्या चकचकीत झाल्या आणि मग ध्यानात आलं की मासे वाढायचे ते ओंडक्यामागच्या डोहांतच. अंडी घालायला लागणारी खडी धरून ठेवायचं कामही ओंडकेच करत होते. आता तीच खाती हेलिकॉप्टरला ओंडके टांगून नद्यांत परत नेऊन टाकतात. एकाच लाकडाची दोन बिलं, एक काढण्याचं आणि एक घालण्याचं. आमच्या खात्यातले काही सहकारी ही कल्पना सुचली नाही म्हणून हळहळले असते.

जेवताना मी त्यांना साकवाबद्दल सांगितलं. नोकरी दुष्काळी भागात झाली तरी जन्म कोकणातला. आमच्या घराच्या आणि शाळेच्या मध्ये एक वहाळ होता आणि त्याच्यावर पोफळीची तीन खोडं आडवी टाकलेली. तोच साकव. पावसात तो शेवाळायचा. पलीकडून कुणी येत असेल तर अलीकडच्याने थांबायचं, आणि मास्तर येत असतील तर जरा जास्तच वेळ थांबायचं. श्रावणात एखादा मोठा पूर आला की साकव वाहून जायचा, शाळेला सुट्टी पडायची आणि मग आख्खी वाडी जमून नवीन खोडं टाकायची. शिवाय पुराबरोबर वरून लाकडं यायची. माझे आजोबा लांब काठीला आकडा बांधून काठावर उभे राहायचे, वर्षाचं सरपण नदी घरपोच करायची. आडवं लाकूड म्हणजे संकट, हे मला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. आमच्या लेखी ती शाळेची वाट होती आणि नसली तर सुट्टी होती.

तेव्हा मनात आलं की लाकूड एकच असतं, फक्त तुम्ही कुठल्या बाजूने येता यावर त्याचं नाव ठरतं. पायी आलात तर साकव, होडीतून आलात तर गाळणी, मासा असाल तर घर आणि मृदसंधारणातले असाल तर नाला बांध. चौघांना एका सभेत बसवलं तर ठराव होणार नाही.

पुढे घरी येऊन मी याबद्दल वाचत बसलो, तेव्हा लुइझियानातली रेड रिव्हर सापडली. तिथे ओंडक्यांचं हे एकत्र कुटुंब शंभर मैलांहून लांब पसरलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या साचलेलं, वरून झाडंझुडं उगवलेलं. ‘ग्रेट राफ्ट’ असं त्याचं नाव. कॅप्टन हेन्री श्रीव्ह नावाच्या गृहस्थाने ओंडके उपसणारी खास वाफेची बोट बनवली. अशा बोटींना लोक सरकारचे दात काढणारे म्हणत. १८३३ ते १८३८ अशी पाच वर्षं खपून त्याने नदी मोकळी केली. श्रीव्हपोर्ट शहर त्याच्या नावाने ओळखलं जातं. शहर टिकलं, मोकळी नदी टिकली नाही. ओंडके पुन्हा जमले. शेवटी १८७३ साली नायट्रोग्लिसरिनचे स्फोट करून ते उडवले. आणि तिकडे टेक्सासमधलं जेफरसन हे भरभराटीचं बंदर कोरडं पडलं. कारण त्याच्या धक्क्यापर्यंत आगबोटी येत होत्या त्या या तुंबलेल्या पाण्याच्या फुगवट्यावर. एका गावाचा अडसर निघाला आणि दुसऱ्या गावाचं बंदर गेलं. हे वाचून मी माझ्या सगळ्या जुन्या बांधांच्या खालच्या अंगाची गावं मनात मोजली आणि पुस्तक मिटलं.

त्या दिवशीचा तिसरा ओंडका पाण्यापासून बराच उंच, या काठावरून त्या काठावर गेलेला. त्याच्याखाली उभं राहून एका पोराने वल्हं सरळ वर धरलं. वल्ह्याचं टोक आणि खोड यांत वीतभर अंतर उरलं. म्हणजे बसलेल्या माणसाचं डोकं सुटतं. खाली लोंबणाऱ्या दोन फांद्या तेवढ्या छाटल्या आणि खोडाला कुणी हात लावला नाही. एकूण हिशेब असा झाला: एक कापला, एक ठेवला, एकाची नुसती दाढी केली. नऊ माणसांचा आख्खा दिवस.

संध्याकाळी होड्या पाण्यात पडल्या. मी तिसऱ्या ओंडक्याच्या मुळाशी, काठावर बसून राहिलो. ओलांडायचा मोह झाला, पण पाय सत्तरीला टेकलेले आणि खाली मास्तर नव्हे, तिसऱ्या दर्जाचं पाणी. वरच्या वळणावर मुलाची लाल टोपी दिसली, खिंडीच्या तोंडाशी क्षणभर दिसेनाशी झाली, सकाळी जिथे ओंडका होता तिथून तो सरळ सुटला आणि माझ्या पायाखालून निघून गेला. जाताना त्याने वल्हं वर केलं. मी हात वर करेपर्यंत तो पुढच्या वळणाला होता. तीन सेकंद झाले असतील.

परतताना मी विचारलं, “आणि पुढच्या पुरात नवीन झाड आलं तर?”

“तर काय, परत येऊ.”

“आणि तुम्ही यायच्या आधी पुराने तेच वाहून नेलं तर?”

“तसं पुष्कळदा होतं. मग चहा पिऊन घरी.”

मुंबईत दरवर्षी नालेसफाई होते आणि दरवर्षी पाणी तुंबतं, पण त्यावर कुणाला इतकं प्रसन्न उत्तर देताना मी ऐकलेलं नाही.

घरी पोचलो तर हिने चहा टाकला होता. कपात ओतता ओतता तिने विचारलं, “मध्ये बोललात?”

“बोललो.”

“मग?”

“ते आधीपासून तसंच करणार होते.”

“नेहमी तसंच असतं,” असं म्हणून तिने गाळणी आपटली आणि चोथा खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत टाकला. अमेरिकेच्या थंडीत जीव धरून असलेलं ते रोप सुनेचं फार लाडकं आहे. गाळणीत अडकलेल्याचं पुढे काय होतं, हा विषय मी तिथेच सोडला.

रात्री पाणी प्यायला उठलो. बोळात होडी नेहमीसारखी आडवी. ओली होती, तिच्या पोटाला एक पान चिकटलेलं. दोन मिनिटं नुसता बघत उभा राहिलो. कशावर टेकली आहे, कुठून सुटेल, सुटली तर कुठे जाईल. मग तिचं एक टोक धरून हातभर फिरवलं आणि भिंतीला समांतर करून ठेवलं. डबे, बूट, बाकी सगळं होतं तिथेच राहू दिलं.

सकाळी चहाच्या वेळी मुलगा बोळात उभा. “होडी कुणी हलवली?”

ही माझ्याकडे बघत होती. मी वर्तमानपत्र उलटं धरलं होतं की सुलटं, आठवत नाही.

“रात्री पूर येऊन गेला असेल,” मी म्हणालो.